कोऱ्या कागदावरची सही

मुंबईत किंवा पुण्यात अकरा महिन्यांसाठी एक खोली भाड्याने घ्यायची म्हटली तर काय काय लिहून घ्यावे लागते, हे या अंकाच्या बहुतेक वाचकांना अनुभवाने ठाऊक असेल. पंखे किती, नळ किती, भिंतीला खिळा ठोकायचा की नाही, अनामत रक्कम कधी परत मिळणार, जागा सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे, सारे काही कागदावर येते. त्यावर दोघांच्या सह्या होतात आणि कराराची नोंदणी होते. त्याच घरातली मुलगी कलाविद्यालयात जाते, तेव्हा मात्र तिची चार वर्षे आणि आईबापांच्या कमाईतला मोठा हिस्सा ज्या कामी खर्च व्हायचा, त्याबद्दल असा एका ओळीचाही करार होत नाही. प्रवेशाच्या वेळी सह्या पुष्कळ होतात. पण त्या सगळ्या एका बाजूच्या. मी नियम पाळीन, मी हजेरी पुरी करीन, मी शुल्क वेळेवर भरीन, मी रॅगिंग करणार नाही. या साऱ्याच्या मोबदल्यात समोरची बाजू या एका मुलीसाठी काय करणार, हे शोधू गेले तर सापडत नाही.

"का? अभ्यासक्रम छापलेला असतो की!" असे कोणी म्हणेल. असतो. खाणावळीच्या फळ्यावर वारांचा बेत लिहिलेला असतो, तसा तो असतो. सोमवारी मटकी, मंगळवारी वांगे. जेवणाऱ्याला वांगे सोसते की नाही, हा प्रश्न फळ्याला विचारता येत नाही.

मी ज्या गोष्टीची बाजू मांडणार आहे ती तशी साधी आहे. तिला इंग्रजीत लर्निंग कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. आपण अध्ययन-करार म्हणू. सत्राच्या आरंभी विद्यार्थी आणि अध्यापक समोरासमोर बसतात आणि लिहून काढतात, की मला काय शिकायचे आहे; ते मी कशाच्या साहाय्याने, कोणाकडून आणि किती दिवसांत शिकेन; शिकलो याचा पुरावा म्हणून काय दाखवीन; तो पुरावा कोण आणि कोणत्या कसोटीवर पारखील; आणि अध्यापक मला कोणता वेळ व कोणती मदत देतील. लिहिण्याचा पहिला मान विद्यार्थ्याचा. अध्यापकाने वाद घालायचा, खोडायचे, भर टाकायची; दोघांचे जमले की दोघांनी सही करायची. मध्यावर पुन्हा बसायचे आणि काय बदलले ते नोंदवायचे. अमेरिकेतील प्रौढशिक्षणाचे अभ्यासक माल्कम नोल्स यांनी १९७५ साली स्वयंप्रेरित शिक्षणावर जे पुस्तक लिहिले, त्यात ही रीत सांगितली आहे. त्याच्याही आधी, १९७१ साली, न्यूयॉर्क राज्याने एम्पायर स्टेट कॉलेज काढले आणि तेथे सबंध पदवीच अशा करारांवर उभी केली. म्हणजे हे काही काल सुचलेले खूळ नव्हे.

कलाशिक्षणात हा विचार कसा शिरला, हे समजण्यासाठी इंग्लंडकडे पाहावे लागते. आणि ती कथा आपल्याला परकी वाटायचे कारण नाही, कारण त्याच शाळांचे जोखड आपल्याही मानेवर होते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधून कलाशिक्षणाचा जो क्रम ठरवून दिला गेला, त्याच्या २३ पायऱ्या होत्या. रेघेपासून आरंभ, मग नक्षीची नक्कल, मग प्लास्टरच्या साच्यांवरून रेखाटन, अशा चढत जायच्या. मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली, तिलाही हेच वळण लागले. गिरगावातला पोरगा ग्रीक देवाचे प्लास्टरचे नाक काढीत बसला, तो या पायऱ्यांमुळे. वळण मुळीच वाईट होते असे मी म्हणत नाही. त्यातून हात तयार झाले. पण २३ पायऱ्या चढून गेल्यावर तुला कोठे जायचे आहे, हे कोणी कोणाला विचारले नाही.

लंडनमध्ये तो प्रश्न शेवटी विद्यार्थ्यांनीच विचारला. २८ मे १९६८ रोजी हॉर्न्सी कलाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी आपली इमारत ताब्यात घेतली. भांडण सुरू झाले विद्यार्थीसंघाच्या पैशांवरून; पण काही दिवसांतच ते अभ्यासक्रमावर येऊन ठेपले. एकच सरळ रस्ता आम्हांला नको, अनेक वाटांचे जाळे हवे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि काही अध्यापकही त्यांच्या बाजूला येऊन बसले. आठवड्यांमागून आठवडे सभा झाल्या, कागद निघाले, आणि शेवटी सुट्टीत इमारत अधिकाऱ्यांच्या हाती परत गेली. लगेच पुढल्या वर्षी, १९६९ साली, त्याच शहरातील सेंट मार्टिन्स कलाविद्यालयात शिल्पकलेच्या वर्गात याच्या नेमका उलटा प्रयोग झाला. विद्यार्थ्यांना एका कुलूपबंद खोलीत साहित्य देऊन कोंडले. अध्यापक समोर बसून राहत. बोलत नसत, शाबासकी देत नसत, चूक दाखवत नसत. या सगळ्याचा हेतू काय, हे विद्यार्थ्यांना सांगितलेले नव्हते. रिचर्ड डीकनसारखा पुढे नामवंत झालेला शिल्पकार त्या वर्गात होता, हे मान्य. धाडस मोठे होते, हेही मान्य. पण नियम एका बाजूच्या खिशात आणि घाम दुसऱ्या बाजूच्या कपाळावर, अशा व्यवहाराला मी शिक्षण म्हणायला तयार नाही. डीकन त्या खोलीतून घडला की त्या खोलीतूनही वाचला, हे कोणी सांगावे!

आता पहिला आक्षेप येतो, आणि तो येतो तोच मुळी हात जोडून आणि डोळे मिटून. गुरुशिष्यांत कागद कसला? तेथे श्रद्धा असते. करारमदार हे साहेबाचे आणि सावकाराचे. आपली परंपरा वेगळी.

परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी आदिपर्व पुन्हा एकदा उघडावे. द्रोणाचार्यांनी कुरुकुमारांना हाती घेतले, तेव्हा पहिली गोष्ट कोणती केली? अट घातली. माझ्या मनात एक हेतू आहे, तुमची अस्त्रविद्या पुरी झाली की तो तुम्ही तडीस न्यावा, असे वचन द्या. हेतू कोणता, ते सांगितले नाही. कौरव गप्प बसले. अर्जुनाने वचन दिले. म्हणजे करार होताच. फक्त त्यातली मुख्य ओळ कोरी होती, आणि शिष्याने त्या कोऱ्या कागदावर सही केली. पुढे ती ओळ भरली गेली तेव्हा द्रुपदाला पकडून आणण्याचे काम निघाले, म्हणजे गुरूचे स्वतःचे जुने वैर. दुसरा करार गुरूने अर्जुनाला दिला, की तुझ्या तोडीचा धनुर्धर दुसरा होणार नाही. या दुसऱ्या कराराची किंमत कोणी मोजली? ज्याच्याशी कसलाच करार नव्हता त्याने. एकलव्याला प्रवेश नाकारला, शिकवले काही नाही. आणि त्याने मातीच्या पुतळ्यासमोर स्वतःच्या बळावर विद्या मिळवली तेव्हा मात्र दक्षिणा मागितली, ती उजव्या हाताच्या अंगठ्याची. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने ही कथा विशेष ध्यानात ठेवावी. कुंचलाही अंगठ्यावाचून धरता येत नाही.

श्रद्धा असू नये असे माझे म्हणणे नाही. बडोद्याच्या कलाविद्याशाखेत १९५० पासून नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवीत होते; शांतिनिकेतनच्या कलाभवनात नंदलाल बसू होते. असे गुरू लाभले तर कागदाची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु हा कागद बेंद्र्यांसाठी नाहीच. बेंद्रे ज्या वर्गावर नाहीत, त्या वर्गातल्या मुलांसाठी तो आहे; आणि असे वर्ग किती, हे मोजायला मोठे गणित लागत नाही.

शिवाय कागद म्हटला की कला मेली, ही समजूतही इतिहासाला धरून नाही. १ एप्रिल १४८८ रोजी फ्लॉरेन्स शहरात लुदोविको नावाच्या गृहस्थाने आपल्या तेरा वर्षांच्या मुलाला गिर्लांदायो बंधूंच्या चित्रशाळेत तीन वर्षांसाठी ठेवले. करारात असे होते, की पहिल्या वर्षी ६, दुसऱ्या वर्षी ८ आणि तिसऱ्या वर्षी १० फ्लोरिन द्यायचे. कोणी कोणाला? येथे आपल्याकडच्या पालकांनी चहाचा कप क्षणभर खाली ठेवावा. गुरूने शिष्याला! तो मुलगा म्हणजे मायकेलअँजेलो. पुढे तो जगप्रसिद्ध झाला, आणि त्याच्या हयातीत, १५५३ साली, कोंदिवीने त्याचे चरित्र लिहिले. त्यात गिर्लांदायोकडून त्याला काही साहाय्य मिळाले नाही, असा सूर होता. तेव्हा वासारी नावाच्या दुसऱ्या चरित्रकाराने १५६८ च्या आपल्या आवृत्तीत गिर्लांदायोच्या वहीतली ती नोंदच छापून टाकली. ऐंशी वर्षांनंतर गुरूची अब्रू राखली ती एका कागदाने. आणि गंमत अशी, की मायकेलअँजेलोने ती तीन वर्षे पुरीही केली नाहीत. मेदिची घराण्याच्या बागेतल्या शिल्पांकडे तो आधीच निघून गेला. करार मोडला म्हणून आभाळ कोसळले नाही. तीन वर्षांचा हिशेब लिहून ठेवलेला असतानाही त्याच्या आत मुलाला वाट बदलता आली.

दुसरा आक्षेप यापेक्षा खोल आहे, आणि तो खरे कलावंत घेतात. चित्र आधी ठरवता येत नाही. घोडा काढायला बसलेल्याचा डोंगर होतो, आणि तो डोंगरच खरा असतो. मला काय शिकायचे आहे हे जर मला आधीच नीट लिहिता आले, तर ते निम्मेअधिक मला आलेलेच असते. मग हा करार कशाचा?

मी या आक्षेपापुढे बराच वेळ थांबलो आहे, कारण तो खरा आहे. पण तो चित्राविषयी खरा आहे, कामाविषयी नाही. डोंगर आपोआप उगवतो, पण त्याआधी कोणीतरी रोज सकाळी कागदासमोर बसावे लागते, रंग घोटावा लागतो, आणि "हा घोडा राहिला नाही, तू पाहिलेस का?" असे विचारणारे माणूस ठरलेल्या दिवशी समोर असावे लागते. करार त्या बसण्याचा, त्या रंगाचा आणि त्या माणसाच्या येण्याचा. एक उदाहरण कल्पून पाहू म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल.

समजा, सावंतवाडीकडची एक मुलगी उपयोजित कलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या वेळी अक्षरलेखनाचा कागद तिला नेहमी चांगला जात असे. तिला देवनागरी अक्षर शिकायचे आहे. ती करारात लिहिते: आठ आठवडे, आधी बोरूने आणि मग सपाट ब्रशने, आरंभी अक्षरांची वळणे, नंतर जोडाक्षरे. पुरावा काय? येथे आपल्या नेहमीच्या पद्धतीत "वीस पाने" असे उत्तर आले असते, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री वसतिगृहात ती वीस पाने तिघींनी मिळून रंगवली असती. अध्यापक म्हणतात, पाने नकोत. मग दोघे घासाघीस करतात आणि ठरते असे, की गावच्या बाजारातल्या एका खऱ्या दुकानाची पाटी. आणि कसोटी अशी, की रस्त्याच्या पलीकडून म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला ती न अडखळता वाचता आली पाहिजे. गुण देताना दुकानदाराचे मतही विचारायचे.

आता अध्यापकांची बाजू. ते लिहितात: दर बुधवारी एक तास, काम समोर ठेवून बोलेन, बुधवार चुकला तर गुरुवारी भरून देईन. आणि त्याखाली आणखी एक ओळ लिहितात: मला रोमन अक्षराची माहिती चांगली आहे, देवनागरीची बेताची, म्हणून पाट्या रंगवणाऱ्या एखाद्या जुन्या पेंटरकडे चार वेळा तिला घेऊन जाईन. वाचकहो, माझा सारा लेख या ओळीसाठी आहे. "मला हे बेताचे येते" हे वाक्य अध्यापकाच्या सहीनिशी आपल्या किती विद्यालयांच्या दप्तरात सापडेल? करारावाचून ते कधी लिहिले जात नाही. मग ते लपवण्यासाठी अध्यापकाला कधी रागवावे लागते, कधी गूढ हसावे लागते, आणि मुलीला वाटत राहते की दोष आपल्या हाताचा आहे.

चौथ्या आठवड्यात तिच्या लक्षात येते, की अक्षर सुंदर आले तरी पाटी वाचवत नाही. घोटाळा अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे. शिरोरेखा सगळ्यांना एकत्र बांधते, आणि काना व वेलांटी यांची दाटी झाली की दुरून नुसती काळी पट्टी दिसते. करार बदलतो, जोडाक्षरे जातात आणि मोकळी जागा येते. हा बदल कागदावर तारखेसह राहतो. परीक्षकाला उद्या पाटी आवडली नाही तरी चालेल. ही मुलगी काय शिकली, हे त्या खोडलेल्या ओळीत लिहिलेले आहे. घोड्याचा डोंगर झाला, आणि तो कधी झाला याची नोंदही राहिली.

एवढे सांगितल्यावर इंग्लंडात पुढे या गोष्टीचे काय झाले, ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८७ साली तेथील सरकारने उच्च शिक्षणात उद्यमशीलता आणण्यासाठी मोठी योजना काढली, आणि त्या वाऱ्यावर हे करारही ठिकठिकाणी पसरले. पसरले तसे पातळ झाले. कराराचा नमुना-अर्ज झाला. अर्ज झाला की कारकून आला, कारकून आला की मुदत आली, आणि मुदत आली की मुले जे लिहिले म्हणजे पास होतो तेच लिहू लागतात. हुशार मुलगा असा नेम धरतो की तो चुकूच नये. जे येते तेच शिकण्याचा करार करतो आणि पहिला वर्ग घेऊन जातो. दुसरीकडे, ज्या मुलाला जन्मात कोणी "तुला काय हवे?" असे विचारलेले नाही, तो त्या कोऱ्या रकान्यापुढे नुसता बसून राहतो. आपल्याकडे असे मुलगे आणि मुली पहिल्या प्रकारच्यांपेक्षा पुष्कळ जास्त निघतील. बारा वर्षे "सांगतो ते कर" ऐकलेल्या मुलाला एके दिवशी "सांग, काय करू या" म्हटले तर तो बिचारा गुरुजींच्या तोंडाकडे पाहून त्यांच्या मनातले उत्तर हुडकू लागतो.

म्हणून पहिल्या वर्षी करार नको, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले वर्ष हाताचे. रेघ, छाया, रंग, माती यांची तालीम अध्यापकाने सांगावी आणि मुलांनी निमूटपणे करावी. तालमीत जोर किती मारायचे यावर कोणी चर्चा करीत नाही. दुसऱ्या वर्षी सबंध अभ्यासक्रमातला एकच तुकडा करारावर सोडावा, आणि दरवर्षी तो वाढवत न्यावा. आणखी एक गोष्ट मी अत्यंत आवश्यक मानतो. ज्याच्या हातात गुण आहेत त्याच्याशी विद्यार्थी मोकळेपणाने घासाघीस करू शकत नाही. मांजराशी उंदराने केलेला करार कसला? तेव्हा तिसरी सही बाहेरच्या कोणाची हवी. एखादा कामातला चित्रकार असो, छापखान्याचा मालक असो, किंवा वरच्या पाटीच्या उदाहरणातला दुकानदार असो. तंटा झाला तर त्याने ऐकावे.

आईवडिलांची सही मात्र नको. लुदोविकोने आपल्या मुलासाठी केली, कारण मुलगा तेरा वर्षांचा होता. आपली मुले या विद्यालयांत अठराव्या वर्षी जातात. देशाचे सरकार निवडायला आपण ज्यांना लायक समजतो, त्यांनी आठ आठवडे काय शिकायचे हे ठरवताना घरून परवानगी आणावी, हे जरा विचित्र दिसते. पालकांनी प्रवेशाच्या दिवशी एक प्रश्न विचारावा तेवढा पुरे. वसतिगृहात गरम पाणी आहे का, नोकरी कितीजणांना लागते, हे तर आपण विचारतोच. त्याबरोबर असेही विचारावे, की माझ्या मुलीसाठी तुम्ही आठवड्यातून किती वेळ बसणार, आणि तो लिहून द्याल का. समोरच्या चेहऱ्यावर काय उमटते ते नीट पाहून घ्यावे.

हे सारे आताच बोलायचे कारण आहे. मुंबईच्या जे. जे. संकुलातील कला, उपयोजित कला आणि वास्तुकला यांच्या जुन्या संस्थांना मिळून २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. दुसऱ्याने ठरवून दिलेला अभ्यासक्रम शिकवण्याची सक्ती आता त्यांच्यावर राहिली नाही. साउथ केन्सिंग्टनच्या पायऱ्यांपासून दीडशेहून अधिक वर्षे जी सबब होती, ती संपली. नवे अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी पाने भरण्यापूर्वी एकच प्रयोग करून पाहावा. दुसऱ्या वर्षाचा एक वर्ग, एक सत्र, पंधरावीस विद्यार्थी, आणि स्वखुशीने पुढे येतील असे दोन अध्यापक. कराराचा कागद एका पानाहून मोठा नसावा, मराठीत असावा, आणि छापताना अध्यापकाने काय द्यायचे तो रकाना वर ठेवावा, विद्यार्थ्याने काय करायचे तो त्याच्या खाली.